काळी पट्टी

चिठ्ठ्या टाकल्या, त्यात मला मरण आलं.
खुटवड मॅडमच्या टोपीतून घडी काढली, उघडली :
पुरुष, वय बावीस. श्वास नाही.
मान मागे केली तरी नाही.
रोहिदास हसला. त्याचा नुसता हात मोडला होता,
चालत जाऊन सावलीत बसायचं काम.

महाप्याला, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागे
आम्ही अठ्ठावीस जण जागा बघून जखमी झालो.
कुंकवात तेल कालवून केलेलं रक्त
कोपरावर वाळून खाजत होतं.
पाठीखाली मार्चचं काँक्रीट,
वर पारसिकच्या डोंगराकडे गेलेल्या तारा, गुणगुणणाऱ्या.
मेलेल्याने डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे
हे विचारायचं राहून गेलं.

शिट्टी झाली.

आधी अग्निशमनची पोरं आली, कोरडा पाइप ओढत.
मग पोलिसातली, दोरी बांधायला.
'मागं व्हा, मागं व्हा!'
मागे कोणीच नव्हतं.
एक कुत्रा होता. तो झाला मागे.

मग आमची बॅच. एका माणसाला तीस सेकंद.
चालतो का? श्वास? नाडी? सांगितलेलं कळतं का?
मनगटाला पट्टी बांधायची आणि पुढे.

माझ्याकडे तबस्सुम आली.
राबोडीची, माझ्याच बाकावरची,
जिने काल माझ्या डब्यातलं सुकटीचं कालवण
बोटाने पुसून खाल्लं.
तिने माझी हनुवटी उचलली. कान नाकाशी आणला.
मी श्वास धरला.
गरज नव्हती, चिठ्ठी गळ्यात होती.
धरला.
ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. आठ, नऊ, दहा.
दहाला थांबायचं असतं.
अकरा.
बारा.
मग पट्टी. काळी.
आणि ती उठून गेली शेजारी, जिथे
एकजण मांडी धरून छान ओरडत होता.

त्यानंतर चार जोड्या बूट आले माझ्यापाशी,
पट्टी बघितली, वळले.
बरोबर केलं त्यांनी. परीक्षेत मी हेच लिहिलंय,
पाचपैकी पाच मार्कांचं.

तुर्भ्याच्या गोदामाला आग लागली त्या रात्री
आईने ॲम्ब्युलन्समधल्या माणसाची कॉलर धरली होती.
'ह्याला सोडून त्याला का उचलला?'
तो काही बोलला नाही. कॉलर सोडवून घेतली
आणि 'त्या'चं स्ट्रेचर आत ढकललं.
आईला त्याचा चेहरा आठवत नाही.
हातात आलेलं बटण आहे,
शिवणाच्या डब्यात, बाबांच्या शर्टांच्या बटणांत मिसळलेलं.
पांढरं, चार भोकांचं. ती बरोबर तेच काढून दाखवते.
मी या कोर्सला नाव घातलं तेव्हा म्हणाली,
विचार त्यांना.

विचारायची गरज उरली नाही.
मी आडवा पडलोय उत्तरात,
तोंडावर ऊन, नाकपुडीवर माशी,
आणि हे घरी कसं न्यायचं, दिवाळ्याला, रात्रीच्या जेवणात,
ते कुठल्याच धड्यात नाही.

संपल्यावर मॅडमनी घड्याळ वाचून दाखवलं.
'मयतावर बेचाळीस सेकंद. कोण आहे?'
तबस्सुमने हात वर केला.
'तेवढ्यात लालवाला गेला असता तुझा.'
'हो मॅडम.'

चहाला ती लांब बसली.
मग पेला ठेवून आली, म्हणाली, पट्टी दे,
मोजून परत द्यायच्यात.
मी मनगट पुढे केलं.
गाठीच्या आत एक बोट जाईल एवढी जागा होती,
रक्त अडू नये म्हणून ठेवायला शिकवतात तेवढी.